तीन नंबरची सुई

"ओ दादा, थांबा. ही सुई कुनाची?"

बानाबाईनं ब्रदर रामकिसनचं मनगट धरलं होतं. सुई पुतळाबाईच्या दंडापासून चार बोटांवर होती. अपघात विभागात सकाळचे अकरा वाजले होते आणि रामकिसनला आणखी नऊ जणांना सुया द्यायच्या होत्या.

"तीन नंबरची. मावशी, हात सोडा."

"नंबर नगा सांगू. नाव सांगा."

पुतळाबाई तिची धाकटी जाऊ. कन्नडच्या घाटात मेंढरं रस्ता ओलांडत असताना जीपनं तिला उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन करायचं म्हणून कालपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ती डोळे मिटून पडली होती.

"आमी मेंढराला औषध पाजतो तवाबी आदी कानाची खूण बघतो," बानाबाई म्हणाली. "ही तर बाईमानूस हाय."

आवाज ऐकून मनकर्णा सिस्टर आल्या. एकतीस वर्षं नोकरी झालेली बाई. त्यांनी पलंगाच्या दांडीला अडकवलेली फाइल काढून वाचली.

"रामकिसन, काय भरलंय?"

"इन्सुलिन. दगडाबाई, सिल्लोड. शुगर चारशेच्या वर गेलीय."

"ही दगडाबाई आहे?"

रामकिसननं सुईवर टोपण चढवलं. दगडाबाईला सकाळी एक्स-रेला नेलं होतं आणि परत आणून खिडकीजवळ सात नंबरला टाकलं होतं. फाइल मात्र तीन नंबरवरच राहिली. मोकळ्या पलंगावर पुतळाबाई आली. उपाशी पोटी ती सुई पडली असती, तर तिची साखर एकदम खाली गेली असती. बाई दमून झोपली असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि ती झोपेतच गेली असती.

"बेड बदलल्याचं मला कुणी सांगितलंच नाही, सिस्टर." रामकिसनच्या कपाळावर घाम आला होता. काल दुपारपासून तो ड्युटीवर होता.

"माहितीय. म्हणूनच लिहून ठेवायचं. उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून होईल."

आधी दगडाबाईला तिची सुई दिली गेली. मग सिस्टरांनी कपाटातून चुकांच्या नोंदीचं रजिस्टर काढलं. त्याचं पहिलंच पान कोरं होतं. वेळ, पलंग, दोघींची नावं, फाइल कुठं राहिली, कुणी हात धरून थांबवलं, सगळं त्यांनी लिहिलं. शेवटी लिहिलं, पेशंटच्या हाताला नावाची पट्टी बांधल्याशिवाय पलंग बदलू नये. सही करून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

मोठे डॉक्टर भजी खात होते. तेलकट बोटानं ओळी सरकवत त्यांनी पान वाचलं.

"पेशंटला काही झालं का?"

"नाही सर. पण..."

"मग लिहिलं कशाला? सिस्टर, वर्षभरात आपल्याकडं एकही चूक नाही म्हणून वरून शाबासकीचं पत्र आलंय. परवा तपासणीला लोक येतायत. त्यांना हे दाखवू?"

त्यांनी पान फाडलं. घडी घातली आणि तिच्यावर चहा ओघळलेला ग्लास ठेवला. शाईत लिहिलेलं दगडाबाईचं नाव चहात विरघळायला लागलं.

"आणि ती मेंढपाळीण," दुसरं भजं उचलत ते म्हणाले, "कर्मचाऱ्याचा हात धरते म्हणजे काय? काढा तिला बाहेर."

मनकर्णा सिस्टर हात धुवायला मोरीपाशी गेल्या. मोरीत वापरलेले हातमोजे आणि चहाचे कागदी कप तुंबले होते. त्यांनी नळ सोडला, पाणी वर चढून पायावर आलं.

तोवर वॉचमननं बानाबाईला दंडाला धरून दारापर्यंत नेलं होतं. सिस्टर मधे आल्या.

"सोड तिला."

"मोठ्या साहेबांनी सांगितलंय, सिस्टर."

बानाबाईनं स्वतःच हात झटकला. भांडली नाही. जाळीच्या दारातून तिनं एवढंच ओरडून सांगितलं, "पुतळे, मी हितंच बसले. कुनी सुई घिऊन आलं तर आदी तुजं नाव इचारू दे. इचारलं नाय तर हात दिऊ नगं!"

पुतळाबाईनं डोळे उघडले. "व्हय, बाई," ती म्हणाली.

दार लागलं. रामकिसन ट्रे घेऊन पुढच्या पलंगाकडं वळला.

"चार नंबर," तो सवयीनं म्हणाला.

चार नंबरच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघत आपला हात चादरीखाली ओढून घेतला. रामकिसननं मान वर केली. पाच, सहा, सात, थेट खिडकीपर्यंत एकाही माणसाचा हात चादरीबाहेर नव्हता.