न तुंबणारं गटार

मजूर भावेशने पहारीने गटाराचं झाकण उचकटलं आणि तो नि नितीन दोघेही वाकले. चेंबर कोरडं होतं. तळाशी पालापाचोळा, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं.

"साहेब, वरून अर्ध्या जव्हारची घाण उतरते," भावेश म्हणाला. "मग जाते कुठं?"

गावाचं जुनं भुयारी गटार दुरुस्त करायचं होतं आणि निधी तुटपुंजा होता. पालिकेचा अभियंता म्हणून नितीननेच तोडगा काढला होता. जिथे सारखं तुंबतं, तिथले पाइप आधी बदलायचे. या उतारावरून गेल्या दोन वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, म्हणून हा टप्पा त्याने शेवटाला ढकलला होता. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आज तो नुसती खात्री करायला आला होता.

तो चढ चढून वरच्या चेंबरशी गेला. तिथे काळं पाणी खळखळत होतं. म्हणजे मधेच पाइप फुटला होता. सगळं जमिनीत मुरत होतं, म्हणूनच तुंबत नव्हतं. आणि त्या मधल्या उताराच्या पायथ्याशी आदिवासी पाडा होता.

तो जवळजवळ धावतच खाली उतरला. पहिल्याच घराच्या ओट्यावर मंगळी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे डोळे खोल गेले होते.

"हिला काय झालं, मावशी?"

"हगवण लागली. काल दवाखान्यातून आणली पोशीला. पाड्यातली बाकीची पोरं अजून तिथंच हायत. डॉक्टरीण बोलली, पानी भरपूर पाजा."

"कुठलं पाणी पाजता?"

मंगळीचा चेहरा उजळला. तिने अंगणापलीकडच्या विहिरीकडे बोट केलं. भर मे महिन्यात तिथे बायका हंडे भरत होत्या.

"आमच्या हिरीचं. आजूबाजूच्या समद्या हिरी आटल्या. ही दोन वर्सांपासून आटतच नाय. गावदेवी पावली आमाला."

बोलता बोलता तिने पेला पोशीच्या ओठांना लावला. पाणी अगदी नितळ दिसत होतं. नितीनने झडप घालून तो ओढला. पाणी अंगणात सांडलं.

मंगळी ताडकन उठली. "पानी सांडता, साहेब? या दिवसांत?"

नितीनला तिच्याकडे बघवेना.

"विहीर देवीने नाही भरली, मावशी," तो म्हणाला. "आमच्या गटाराने भरलीय."