मागची बोट

नकाशा नाही, यंत्र नाही. नुसते तारे आणि लाटा वाचत, पूर्वजांसारखी, आमची शिडाची होडी पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटाहून ताहितीला निघाली होती. यंत्रं असलेली एक बोट मागून यायची. पण वाटेबद्दल तिनं चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलेलं.

वादळानंतर आमचे वाटाडे, पापा तुआकाना, तळाशी आडवे पडून अंगाखालच्या लाटा चाचपत राहिले. मी मात्र सारखा मागच्या बोटीकडे बघायचो. मरायची वेळ आलीच, तर तिला तरी वाट ठाऊक होती.

ताहितीच्या किनाऱ्यावर मी त्या बोटीच्या कप्तानाला, तेइनाला, मिठीच मारली. "तू मागे होतास म्हणून झोप लागायची रे."

तो कसनुसा हसला. "वादळात वीज पडली ना, तेव्हाच आमची सगळी यंत्रं जळाली. तुमचं शीड बघत आलो."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं नाही, असंच ठरलं होतं ना."