हिरव्या शाईतलं ‘पाहिले’

“सम्राटची पेटी नव्यात घ्यायची नाही,” मॅनेजर इंद्रजीतसाहेब म्हणाले.

दीक्षाचे हात कीबोर्डवर थांबले. गुरुवार होता, शिरूरच्या कारखान्याला लाईटची सुट्टी. जनरेटर लावून ती सकाळपासून ईमेलचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घालत होती. एकशे बारा माणसांच्या मेलच्या पेट्या. मांजर पिल्लं हलवते तशी एकेक पेटी तिनं अलगद उचलून नव्या घरात आणली होती. एक पत्र वाटेत सांडू दिलं नव्हतं. सम्राटची तेवढी उरली होती.

“सर, नव्यात सगळं येतंय. काही गाळायची गरज नाही.”

“गरज मी ठरवतो. ती पेटी राहू दे, आणि जुनी डिस्क फॉरमॅट करा. आत्ता. माझ्यासमोर.”

त्या पेटीत काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. मेन्टेनन्सच्या सम्राटनं साहेबांना तीनदा लिहिलं होतं : चार नंबर प्रेसचा सेन्सर बंद आहे, हात आत असला तरी प्रेस खाली येतो, मशीन थांबवा. मशीन थांबलं नाही. तिसऱ्या मेलनंतर अकराव्या दिवशी नवनाथची चार बोटं गेली. सम्राटची बदली दौंडच्या युनिटला झाली. साहेबांनी आपल्या पेटीतले मेल पुसले, आणि रिपोर्टात लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होता.

“सर, हे मेल गेले तर नवनाथच्या बाजूनं काय राहील?”

“सॉफ्टवेअर बदललं, चार मेल सांडले. कुणाच्या बापाला कळतंय?” साहेब हसले. “आणि मॅडम, तुमचं पर्मनंटचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, नाही का?”

दीक्षानं बटण दाबलं. पडद्यावर टक्के चढत गेले. दहा, वीस, चाळीस. तिला दवाखान्यातली भागुबाई दिसत होती, नवनाथची आई. लेकाचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ती ओवी म्हणावी तसं एकच म्हणत बसली होती : पाच भावांचं घर माझं, चौघं गेले एका दारानं, थोरला तेवढा उरला गं बाई, थोरला तेवढा उरला.

शंभर.

“शाब्बास. आता येऊ दे इन्स्पेक्टर.” गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत साहेब निघून गेले.

हौसरावमामा चहा घेऊन आले तेव्हा दीक्षा आपल्याच उजव्या हाताकडं बघत होती. मामा तिथले जुने शिपाई.

“काय झालं, ताई?”

“ह्या हाताचा राग येतोय मामा. पाची बोटं शाबूत असून ह्यानं नवनाथचे मेल पुसले.”

मामांनी कप खाली ठेवला. “मेल म्हंजी त्येच न्हवं का, जे मी रोज सकाळी छापून सायबाच्या टेबलावर ठिवतो?”

दीक्षानं मान वर केली. कागद हातात आल्याशिवाय साहेबांना वाचल्यासारखं वाटत नसे. मेल आला की छापायचा, साहेबांनी त्यावर सही करायची, मामांनी फायलीला लावायचा. सगळं ऑफिस त्यावरून हसायचं. तीही हसायची.

मामांनी फाईल आणली, थुंकी लावून पानं उलटली. एक. दोन. तीन. तिन्ही कागदांच्या तळाशी हिरव्या शाईत एकच शब्द, ‘पाहिले’, खाली साहेबांची झोकदार सही आणि तारीख.

दीक्षा खुर्चीतून उठली. “पाहिलं होतं. तीनदा पाहिलं होतं ह्या माणसानं. झेरॉक्स काढते मामा.”

“झेरॉक्समधी हिरवं काळं हुतं. अस्सल न्या. झेरॉक्स फायलीत ऱ्हाऊ द्या.”

तिनं झेरॉक्स काढून फायलीला लावली आणि दाराकडं बघत अस्सल कागद घाईनं पिशवीत सारले. मामांनी तिचं मनगट धरलं.

“आसं न्हाई. चोर त्ये हायेत, आपुन न्हाई. बावीस वर्सांत हितनं येक कागद मी नोंदीबिगर जाऊ दिला न्हाई.”

“मामा, नोंद केली तर तुम्हाला घरी बसवतील.”

“बसवू द्या की. त्ये बी लिवून द्या म्हणावं, हिरव्या शाईत.”

त्यांनी जावक रजिस्टर उघडलं. रेघ मारली, नंबर टाकला, तारीख घातली. ‘तपशील’ खाली लिहिलं : कागद तीन. ‘कोणास’ खाली सावकाश, वळणदार अक्षरात : नवनाथ, प्रेस नंबर चार. शेवटचा रकाना मोकळा होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.

“कागद भेटल्याची सही आणा हितं त्येची.”

“सही कशी करील, मामा? उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिलाय. आयटीआय शिकलेला माणूस तो. आता अंगठा लावील?”

मामांनी शिक्क्याच्या शाईचा पॅड मिटला आणि तिच्या पिशवीत कागदांवर ठेवला.

“लावल,” ते म्हणाले. “तेवढाच ठिवलाय ह्यांनी.”