शून्याचा नमुना

"सर, खायचं की नाही, एवढंच सांगा," वसुधा फोनवर म्हणाली. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात ती नर्स होती. "सात जणी गरोदर आहेत. घरात दोन्ही वेळा मासेच असतात."

"आत्ता काहीच सांगता येत नाही," नीळकंठराव म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

भोपाळला, एम. पी. नगरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत, त्या खाडीतले मासे आणि ते खाणाऱ्या बायकांचे केस पाऱ्याच्या तपासणीला आले होते. आकडे भयंकर निघाले. पण प्रत्येक तपासणीत एक नमुना शून्याचा लागतो, मासे न खाणाऱ्या माणसाच्या केसांचा. तो नेहमी नीळकंठरावांच्या घरून यायचा. त्यांच्या पत्नी लीलावतीबाईंचं माहेर मालवणचं, पण मूळच्या ग्वाल्हेरच्या या सोवळ्या घरात आल्या आणि मासे सुटले ते सुटलेच. "आमच्या हिच्याइतकं शुद्ध अख्ख्या भोपाळात कोणी नाही," असं ते ऐटीत सांगत. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून लीलावतीबाई आठवड्यातून दोनदा साकेत नगरात मैत्रिणीकडे भजनाला जायच्या, तेवढंच काय ते त्यांचं घराबाहेर पडणं.

दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत त्यांचा आकडा जवळजवळ शून्य होता. या वेळी मात्र त्यांच्याही केसांत पारा निघाला.

"सर, मशीनमध्येच गडबड आहे," सहकारी संकेत म्हणाला. "पूरी बॅच कॅन्सल करावी लागेल."

तीनदा तपासलं, तरी तेच. नमुने संपले. नवे यायला चार महिने लागणार होते. 'निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत' असं पत्र नीळकंठरावांनी पाठवलं, त्याला आज आठ दिवस झाले होते.

संध्याकाळी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये जेवता जेवता ते लीलावतीबाईंना वसुधाच्या फोनबद्दल सांगू लागले.

"नवे नमुने येईपर्यंत त्या सात जणींतल्या काही बाळंत होतील गं. पोटातल्या पोराच्या मेंदूला लागतो पारा. आणि मी नियमावर बोट ठेवून बसलोय."

"आकडे खरे असले तर?"

"मशीनने तुझ्यातसुद्धा पारा दाखवला! कसा भरवसा ठेवू?" त्यांनी ताट सरकवलं. "माझंच चुकलं. मशीन आधी तपासून घ्यायला हवं होतं."

लीलावतीबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा फोन आणला आणि ताटाशेजारी ठेवला.

"त्या नर्सबाईंना आत्ताच्या आत्ता फोन करा," त्या म्हणाल्या. "मशीन बरोबर आहे. मी मासे खाते, अहो."