तिसरा प्लग

तानीचे वडील निपाणी-बेळगाव मोटार चालवायचे. मोटार जुनी. दारात उभी राहिली तरी थरथरायची, आणि इंजिनाच्या चार ठोक्यांतला एक हमखास चुकायचा. तो अडखळता आवाज कानावर आला, की पाळण्यातली तानी मूठ सोडून झोपी जायची.

तापाचं निमित्त होऊन ते गेले. मालकानं मोटार यमनाप्पाच्या हाती दिली. त्यानं आमच्याच दारात इंजिन चालू ठेवून प्लगांच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. तिसरी काढली तरी आवाजात काहीच फरक पडला नाही.

"आक्का, ह्यो तिसरा मेलाय बघा. म्हणून घाट चढंना झालीया."

"असू दे की रं. पोरगी त्याच आवाजावर झोपती."

"आन् पाशिंजरांनी काय ढकलत जायाचं व्हय?" म्हणत त्यानं नवा प्लग बसवला.

मोटार सुरळीत चालू लागली. तानीनं मात्र डोळा मिटणं सोडलं. रडून रडून घसा बसला, दूधही तोंडात धरेना. शेवटी एका संध्याकाळी यमनाप्पाच आला. मोटार बंद करून दारात लावली, आणि दुसऱ्या कुणी चालू करू नये म्हणून फिरवायचं हँडल नेहमीसारखं काढून आत घेऊन आला. खिशातून जुना प्लग काढून म्हणाला, "चुकलं माझं, आक्का. च्या पितो, आन् ह्योच परत बसवतो."

मी चहा ठेवायला उठले, तर तानी रडायची थांबली होती.



यमनाप्पाच्या एका हातात हँडल होतं, दुसऱ्या हातात तो मेलेला प्लग, आणि दारात मोटार एक ठोका चुकवत सुरू झाली होती.