पन्नासच्या आत

खोलीत खुर्च्या चार होत्या आणि माणसे पाच. टेबलावर चाळीस चित्रकार्डे होती, रबरबँड लावून दोन गठ्ठ्यांत बांधलेली. एका गठ्ठ्यात अकरा, दुसऱ्यात एकोणतीस. अकरा कार्डांवरचे शब्द मास्तरांना म्हणता येत होते. खिडक्या दोन, दोन्ही पाहुण्यांनी आल्याआल्या बंद करवल्या होत्या. कार्डांशेजारी वसाहतीच्या अध्यक्षांचा मोबाइल, आवाज मोजायचे ॲप उघडून ठेवलेला. कोणी बोलत नव्हते तेव्हा पडद्यावर चौतीस दिसत होते.

चौतीस फार वेळ टिकले नाही.

"वहिनी, गैरसमज नको," अध्यक्ष म्हणाले. "आजारपणाबद्दल सगळ्या वसाहतीला वाईटच वाटतंय. पण लोक शहर सोडून इतक्या लांब कशासाठी आलेत? शांततेसाठी. दुपारी दोन ते पाच पन्नास डेसिबलच्या वर आवाज नको, हा नियम आहे. आणि तुमच्याकडून रोज चार वाजता 'चमचा, चमचा, चमचा'. वीस-वीस वेळा!"

"समोरच्यांचा कुत्रा दचकून उठतो हो," खजिनदारबाई म्हणाल्या. "तीन दिवस धड जेवला नाही बिचारा."

सेक्रेटरीच्या मांडीवर वही होती आणि वहीत त्याने पट्टीने तीन रकाने आखले होते: वेळ, आवाज, शेरा.

खुर्ची न मिळालेली पाचवी व्यक्ती म्हणजे मास्तरांची बायको. ती नवऱ्याच्या पाठीशी उभी होती. "अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले," ती म्हणाली. "वाचा परत यायची तर पहिल्या सहा महिन्यांतच बरीचशी येते, असं त्यांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई सांगतात. दिवसातून तीनदा, मोठ्याने म्हणायचं. खंड पडला की आलेलं जातं."

"मग करा की! आम्ही कुठे नको म्हणतोय?" अध्यक्षांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला. "दुपारचं बंद, एवढंच लिहून द्या. सकाळी फिरणाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा सकाळचंही जरा बघा. जरा पाणी मिळेल का?"

तिने पाणी आणले. 'पाणी' हे कार्ड अकराच्या गठ्ठ्यात सर्वांत वर होते. त्याला एकोणीस दिवस लागले होते.

"मास्तर, मला गाडी तुम्हीच शिकवलीत ना!" खजिनदारबाई मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून म्हणाल्या. मास्तरांचे कान ठणठणीत होते. "काय ओरडायचात! अख्खं मैदान दणाणायचं. तेव्हा मी एक शब्द बोलले का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. उजवा हात मांडीवर पडून होता. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा धरला होता.

"पुरावा नको असं नाही," अध्यक्ष म्हणाले. "हातच्या काकणाला... जाऊ दे, मोजूनच घेऊ. मास्तर, म्हणा काहीतरी." त्यांनी एकोणतीसच्या गठ्ठ्यातून एक कार्ड ओढले. दाराचे चित्र.

मास्तरांनी तोंड उघडले. "द," ते म्हणाले. "द. द." मान लाल झाली, गळ्याची शीर उभी राहिली. खजिनदारबाई कोपऱ्यातल्या कुंडीकडे पाहू लागल्या.

"बघा, बघा! एकाहत्तर!" अध्यक्ष ओरडले.

"ते तुमचे आहेत," बायको म्हणाली. "तुम्ही बोललात तेव्हा झाले."

"आमचं धरायचं नसतं वहिनी. आम्ही मीटिंग घेतोय." सेक्रेटरीने लिहिलेला आकडा खोडला.

अध्यक्षांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवले. आवाज अगदी मऊ केला. "एक सुचवू? मला त्यातलं कळत नाही, पण मनातल्या मनात म्हटलं तर नाही चालणार?"

"मनातल्या मनात त्यांना सगळं येतं," ती म्हणाली.

अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढून पेन तिच्या हातात दिले. "सही इथे. नाहीतर सभेत ठराव घ्यावा लागेल. बाहेरची गाडी आणून रोज डॉक्टरबाईंकडे न्या हवं तर, तिथे काय वाट्टेल ते म्हणू दे."

तिने कागद पाहिला. मग पेन टेकवायला ती वाकली.

मास्तरांचा डावा हात कागदावर आला. पेन घसरून फरशीवर पडले. त्यांनी ओठ मिटले, नाकाने श्वास घेतला आणि जीभ टाळ्याला लावली. तिन्ही पाहुणे वाट पाहत होते. पडद्यावर पस्तीस, चौतीस, चौतीस.

"निघा," मास्तर म्हणाले.

हे कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात नव्हते.

अध्यक्षांनी मोबाइल उचलायला हात पुढे केला, पण बायकोचा हात आधी पोचला होता; तिने आकडा तिथेच थांबवला. "लिहून घ्या," ती सेक्रेटरीला म्हणाली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

सेक्रेटरीने आधी अध्यक्षांकडे पाहिले, मग घड्याळाकडे. वेळ: चार वाजून अकरा मिनिटे. आवाज: सेहेचाळीस. तिसरा रकाना त्याने कोरा सोडला.