उरलेला अहवाल

"माणसांशी संबंध येणारं काम तुला झेपणार नाही," समुपदेशक म्हणाले आणि शिफारशीची सही न करताच त्यांनी नर्सिंगचा अर्ज मुलीकडे परत सरकवला.

अर्जाची मुदत आज पाचपर्यंत होती. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"पण सर, त्या कलचाचणीच्या..."

"थांब. आधी ऐकून घे." त्यांनी टेबलावरचा अहवाल उचलला. "समोरच्याचं ऐकून घेण्याची तयारी नाही. दुसऱ्याच्या अडचणीत रस नाही. गोदामात, एकट्यानं करायचं काम सुचवावं. हे मी नाही म्हणत, मशीन म्हणतं."

सोबत आलेली आत्या पुढे झाली. "साहेब, घरी आजीचं औषधपाणी सगळं हीच बघते हो. आणि त्या दिवशी तर..."

"ताई, निकाल मनासारखा लागला नाही की सगळे हेच सांगतात. नाचता येईना, अंगण वाकडं!"

आत्याचा चेहरा पडला. मुलगी अर्जाचा कोपरा दुमडत राहिली. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मध्येच तोडत तरी नाही.

"हा अहवाल माझाच कशावरून? यावर नाव नाही."

"नावं घालतच नाही आम्ही, पक्षपात नको म्हणून. वर्गात मुलं चाळीस, अहवाल निघाले चाळीस. एकोणचाळीस जणांनी आपापले नंबर बघून नेले. उरला तो तुझा."

"मशीन चुकलं असेल."

"मशीन?" समुपदेशक दुखावले. "दरवर्षी सगळ्यांच्या आधी मी स्वतः एक उत्तरपत्रिका भरून मशीनला घालतो. अगदी खरी उत्तरं देऊन. मशीन चालतंय एवढं कळलं की झालं. निकाल मी वाचतही नाही. बावीस वर्षांच्या अनुभवाला त्याची काय गरज?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. साडेचार वाजले. मुलगी उठून उभी राहिली आणि या वेळी तिनं एका दमात सांगून टाकलं.

"सर, चाचणीच्या दिवशी मी आलेच नव्हते. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं. तेच सांगतेय मघापासून."

"उचलली जीभ..." म्हणत समुपदेशकांनी हजेरीपट उघडला. तिच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात 'गैरहजर' लिहिलं होतं.

त्यांनी अहवाल पुन्हा हातात घेतला आणि चष्मा लावला. कोपऱ्यात, बारीक टायपात, उत्तरपत्रिकेचा नंबर छापलेला होता: एक.